पॅरिशची पेटी आणि इंग्लंडमधील खेड्यांचा इतिहास

इंग्लंडच्या इतिहासाचा अभ्यास म्हटला की राजे, पार्लमेंट आणि युद्धे यांकडेच आपले लक्ष प्रथम वळते. तथापि एखाद्या खेड्यात तीनशे वर्षांपूर्वी कोण राहत होते, ते कोठून आले व कोठे गेले, हे जाणावयाचे असल्यास लंडनमधील सरकारी दप्तरांचा उपयोग बेताचाच होतो. त्यासाठी पॅरिशच्या पेटीकडे वळावे लागते. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या आधिपत्याखालील गाव अथवा गावांचा समूह. मुळात हा धार्मिक विभाग. परंतु सोळाव्या शतकात मुलकी कारभाराचाही तो सर्वांत खालचा घटक बनला. त्याची कागदपत्रे चर्चमधील एका भक्कम पेटीत ठेवीत. १६०३ च्या नियमानुसार तिला तीन कुलपे असावयाची. एक किल्ली धर्मोपदेशकाकडे व उरलेल्या दोन चर्चवॉर्डनांकडे.

या पेटीतील सर्वपरिचित कागद म्हणजे बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंदवही. आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये ती ठेवण्याचा हुकूम काढला. आरंभीच्या नोंदी बहुधा साध्या कागदावर होत. पुढे १५९८ मध्ये त्या चर्मपत्रावर उतरवून काढण्याची आज्ञा झाली. ‘विशेषतः एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणापासूनच्या’ अशी सवलत तीत होती. पुष्कळ धर्मोपदेशकांनी तिचा लाभ घेऊन आधीची वीस वर्षे गाळली. अनेक नोंदवह्या १५५८ पासूनच का सुरू होतात, याचे कारण हे होय. वर्षाची एक प्रत बिशपकडे धाडण्याची पद्धतही याच सुमारास रूढ झाली. मूळ वही हरवली असता ती प्रत उपयोगी पडते. मात्र १६४२ नंतरच्या यादवीच्या काळात वही आणि प्रत दोन्ही खंडित झालेल्या आढळतात.

कालगणनेसंबंधी एक सावधगिरी बाळगावी लागते. १७५१ पर्यंत इंग्लंडात कायदेशीर वर्षारंभ २५ मार्चला होई. म्हणून ‘फेब्रुवारी १६९९’ अशी नोंद दिसल्यास ती आपल्या गणनेने १७०० मधील समजावी. शके, फसली व इसवी सन यांचा मेळ घालण्याची सवय असलेल्या मराठी अभ्यासकास हे जड जाऊ नये.

याहून महत्त्वाचा मुद्दा असा की नोंदवहीत प्रसंग नोंदले जातात, माणसे नव्हेत. जन्म नव्हे, बाप्तिस्मा. मृत्यू नव्हे, दफन. क्वेकरांसारख्या चर्चबाह्य पंथांचे लोक तीत बहुधा सापडत नाहीत. १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सांचा कर होता व त्यातून निर्धन लोकांस माफी होती. त्या वर्षांत ‘निर्धन’ असा शेरा वाढला तर गावास दारिद्र्य आले असे अनुमान काढण्याची घाई करू नये. शेरा लिहिणाऱ्याच्या मनात दयाही असू शकेल.

नोंदवहीवरच विसंबल्याने काय होते, याचे उत्तम उदाहरण नॉटिंगहॅमशायरमधील क्लेवर्थ हे खेडे. तेथील धर्मोपदेशक विल्यम सॅम्पसन याने १६७६ व १६८८ या दोन वर्षी गावातील सर्व रहिवाशांची घरवार यादी केली. पहिल्या यादीत ४०१ माणसे आहेत, दुसरीत ४१२. आकड्यांवरून गाव स्थिर वाटते. परंतु पीटर लॅस्लेट व जॉन हॅरिसन यांनी १९६३ मध्ये नावे जुळवून पाहिली, तेव्हा पहिल्या यादीतील सुमारे तीन पंचमांश माणसे बारा वर्षांनी तेथे नव्हती असे दिसून आले. त्यांतील जी मेली त्यांपेक्षा जी निघून गेली तीच अधिक. पिढ्यान्‌पिढ्या एकाच मातीस चिकटून राहिलेला इंग्रज खेडूत ही कल्पना या दोन याद्यांपुढे टिकत नाही. अशा याद्या दुर्मिळ आहेत, ही खरी अडचण. डेव्हनमधील कॉलिटन गावाच्या नोंदवहीतून ई. ए. रिग्ली यांनी १९६६ मध्ये कुटुंबे पुन्हा जुळवून दाखविली. ते कार्य मोलाचे होय. परंतु त्या पद्धतीत आयुष्यभर गावात राहिलेल्यांचाच वृत्तान्त पुरता हाती येतो.

मग गेलेल्यांचा माग कसा काढावा? येथे त्याच पेटीतील दुसरे कागद कामास येतात. १६०१ च्या कायद्याने गरिबांचा निर्वाह हे प्रत्येक पॅरिशचे कर्तव्य ठरले व त्यासाठी कर बसविण्यात आला. त्यामुळे हा गरीब नेमका कोणत्या पॅरिशचा, हा प्रश्न पैशाचा झाला. १६६२ च्या कायद्यान्वये, वर्षाला दहा पौंडांहून कमी भाड्याच्या जागेत राहावयास आलेल्या परक्या माणसास चाळीस दिवसांच्या आत तक्रार झाल्यास, दोन न्यायाधिकाऱ्यांच्या हुकुमाने मूळ पॅरिशमध्ये परत पाठविता येई. तत्पूर्वी त्याची शपथेवर तपासणी होई: जन्म कोठे, उमेदवारी कोणाकडे, कोणाच्या घरी वर्षभर चाकरी केली. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांची ही आत्मचरित्रेच होत, जरी ती कारकुनाच्या भाषेत उतरली असली. अविवाहित गरोदर स्त्रियांची गत सर्वांत वाईट. अनौरस मूल ज्या पॅरिशमध्ये जन्मे त्याच्यावर त्याचा भार पडत असे, म्हणून प्रसूतीपूर्वीच त्यांना सीमेबाहेर घालविण्याची अधिकाऱ्यांस घाई असे. त्यासाठी दिलेल्या गाडीभाड्याच्या रकमा ओव्हरसीअरांच्या हिशेबवह्यांत कोरडेपणाने मांडलेल्या सापडतात.

दोन पॅरिशांत वाद झाला म्हणजे तो कौंटीच्या तिमाही न्यायसभेपुढे जाई. या ‘क्वार्टर सेशन्स’मध्ये गुन्ह्यांबरोबर पूल, रस्ते, तुरुंग व मद्यगृहांचे परवाने यांचाही निकाल लागे. १८८९ मध्ये हा कारभार बहुतांशी निर्वाचित कौंटी-परिषदांकडे गेला आणि १९७२ च्या आरंभी त्या न्यायसभाच रद्द झाल्या. पॅरिशचे कागद हरवले असताही अपिलांच्या दप्तरात त्या माणसाचे नाव मिळण्याचा संभव असतो. म्हणून एकाच गावाचा शोध करणाऱ्यासही शेजारच्या गावांची व कौंटीची दप्तरे चाळणे भाग पडते.

बेडफर्डशायरने १९१३ मध्ये जी. एच. फाउलर यांच्या प्रेरणेने पहिले कौंटी-दप्तरखाने उभारले. इतर कौंट्यांनी मागाहून त्याचे अनुकरण केले. चर्च ऑफ इंग्लंडच्या १९७८ च्या नियमाने शंभर वर्षांहून जुन्या नोंदवह्या, सुरक्षिततेच्या ठरावीक अटी पाळल्याखेरीज, चर्चमध्ये ठेवता येत नाहीत. त्यामुळे पेट्या आज बहुधा रिकाम्या आहेत. नोंदवह्यांच्या छायाप्रती आता संगणकावर घरबसल्या पाहता येतात. परंतु तपासण्या, रवानगीचे हुकूम व ओव्हरसीअरांचे हिशेब यांपैकी पुष्कळसे अद्याप दप्तरखान्यात जाऊनच वाचावे लागतात.