ज्यूरी आणि लोकांची सहानुभूति

नऊ पंचांपैकीं आठांनीं ‘निर्दोष’ असा कौल दिला, तरीहि आरोपीस जन्मठेप झाली, हें कसें, असा प्रश्न नानावटी खटल्याविषयीं अद्यापि विचारला जातो.

२७ एप्रिल १९५९ रोजीं मुंबईंत नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांस, प्रेम आहुजा याच्याशीं आपला संबंध असल्याचें त्यांच्या पत्नीनें सांगितलें. त्यांनीं पत्नीला व मुलांना मेट्रो सिनेमाशीं पोंचविलें, जहाजावर जाऊन खोटें कारण सांगून रिव्हॉल्व्हर घेतलें आणि आहुजाच्या घरीं जाऊन त्याला ठार केलें. घर सोडल्यापासून यांत सुमारें तीन तास गेले. संतापाच्या झटक्यांत मनुष्याचें भान सुटतें हें कायदा जाणतो व अशा वेळीं शिक्षा सौम्य करतो; पण तीन तासांनंतर हा बचाव टिकत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १९६१ सालीं ठरविलें. झटापटींत गोळ्या सुटल्या म्हणावें, तर स्नान करून आलेल्या आहुजाच्या कमरेचा टॉवेल जागच्या जागीं होता!

परंतु पंच मुंबईचेच, आणि मुंबई तर नानावटींकडे झुकलेली. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकानें त्यांची बाजू उघडपणें घेतली. त्याचा २५ पैशांचा अंक दोन रुपयांस विकला गेला असें सांगतात. आहुजाच्या नांवाचे टॉवेल आणि नानावटींच्या नांवाचीं खेळण्यांतलीं रिव्हॉल्व्हरें रस्त्यांवर विकत. मयताच्या बाजूनें मात्र मुख्यतः सिंधी समाज उभा होता.

पंचांचा कौल त्या काळीं अखेरचा नसे. तो समंजस माणसांनीं देण्याजोगा नाहीं असें वाटल्यास सेशन्स न्यायाधीशानें प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवावें, अशी तरतूद १८९८ च्या फौजदारी संहितेंत होती. न्यायाधीश रतिलाल मेहता यांनीं तेंच केलें. गंमत अशी कीं, खुद्द न्यायाधीशांनीं पंचांस कायदा समजावून सांगितला त्यांतच उणिवा आहेत, असें उच्च न्यायालयास आढळलें. मग सारा दोष पंचांच्याच माथीं कां मारावा? ११ मार्च १९६० रोजीं जन्मठेप सुनावली गेली आणि त्याच दिवशीं राज्यपालांनीं ती तहकूब केली. १९६४ मध्यें तर माफीच मिळाली. सहानुभूति पंचांच्या बाकांपुरती नव्हती, ती राजभवनापर्यंत पोंचली होती.

या खटल्यानें ज्यूरी बुडाली, असा समज आहे. वस्तुतः विधि आयोगानें १९५८ सालींच ती बंद करावी असें सुचविलें होतें, व १९७३ च्या संहितेंत तिला स्थान उरलें नाहीं.

पुढें १३ ऑगस्ट २००४ रोजीं, नागपूरच्या न्यायालयांतच, कस्तुरबानगर वस्तीतील स्त्रियांच्या जमावानें एका गुंडास ठार केलें. बलात्काराचे आरोप वर्षानुवर्षें होऊनहि तो मोकळा फिरत होता. अटक झालेल्या थोड्याशा स्त्रियांमागें वस्तीतल्या अनेकजणी ‘आम्हींच केलें’ म्हणत उभ्या राहिल्या, आणि २०१४ मध्यें पुराव्याअभावीं आरोपी सुटले. तेथें ज्यूरी नव्हती. त्या स्त्रियांकडे माझेंहि मन ओढ घेतें, आणि म्हणूनच मुंबईच्या त्या आठ पंचांस हंसणें मला जड जातें.