पंगतीचा प्रश्न आणि उल्हास खाडीवरचा बिशप

ख्रिस्ती धर्म आज यहुदी धर्माहून सर्वस्वी वेगळा मानला जात असला, तरी त्याची पहिली पिढी यहुदीच होती, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्याच्या प्रसाराचा इतिहास उलगडत नाही. येशू, त्याचे बारा शिष्य आणि यरुशलेमेतील पहिली मंडळी ही सारी माणसे मोशेचे नियमशास्त्र मानणारी, मुलग्यांची सुंता करणारी, शब्बाथ म्हणजे शनिवारचा विसावा पाळणारी आणि खाण्यापिण्याचे निर्बंध सांभाळणारी होती. येशू हाच वचन दिलेला मसीहा, म्हणजे देवाचा अभिषिक्त, ही श्रद्धा मात्र त्यांना इतर यहुद्यांपासून वेगळी करीत होती. अशा मंडळीत ग्रीक, सिरियन, रोमन माणसे, ज्यांना मराठी बायबलात ‘परराष्ट्रीय’ म्हटले आहे, कशी शिरली आणि पुढे बहुसंख्य कशी झाली, हा त्या धर्माच्या आरंभकाळातील सर्वांत मोठा प्रश्न होय.

यरुशलेमेच्या मंडळीतील स्तेफन या शिष्याची श्रद्धेपायी हत्या झाल्यावर तेथून पांगलेले काही जण सिरियातील अंत्युखिया या मोठ्या व्यापारी शहरात पोहोचले आणि तेथे त्यांनी ग्रीक भाषकांनाही आपली शिकवण सांगितली. ‘ख्रिस्ती’ हे नाव प्रथम याच शहरात रूढ झाले. एकच देव मानावा, सभास्थानात येऊन शास्त्रवाचन ऐकावे, पण सुंता करून पूर्ण यहुदी होऊ नये, अशा वृत्तीची परराष्ट्रीय माणसे रोमन साम्राज्यातील अनेक शहरांत होती आणि त्यांना ‘देवभीरू’ म्हणत. पौल व बर्णबा या प्रचारकांच्या उपदेशाला अशा उंबरठ्यावर उभ्या असलेल्या लोकांचा प्रतिसाद मिळाला, तेव्हा यांनी आधी यहुदी व्हावे की नाही, हा वाद पेटला.

हा वाद तत्त्वज्ञानाच्या पातळीवर राहिला नाही, तो थेट पंगतीपर्यंत आला. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो, की अंत्युखियात बारा शिष्यांपैकी पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत असे, परंतु यरुशलेमेतील मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही माणसे आल्यावर तो त्यांना भिऊन पंगतीतून बाजूला झाला, बर्णबाही त्याच्यामागून गेला आणि पौलाला सर्वांदेखत पेत्राला खडसवावे लागले. मराठी वाचकाला या प्रसंगाचे गांभीर्य समजावून सांगावे लागत नाही. 1843 मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला आणि त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी राहून परत आला, तेव्हा तेथे अन्नपाणी घेतलेल्या त्या मुलाला पुन्हा जातीत घ्यावे की नाही, यावरून केवढे वादळ उठले. सुधारक बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घेण्याची बाजू घेतली म्हणून त्यांनाही विरोध सोसावा लागला. कोण कोणाबरोबर जेवतो, यावरून समाजाची सीमा ठरत असेल, तर ताटावरचा वाद हा श्रद्धेइतकाच मूलभूत असतो.

इसवी सन 49 च्या सुमारास यरुशलेमेत भरलेल्या सभेने सुंतेची अट घालायची नाही असे ठरवले. मूर्तीला वाहिलेले अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या प्राण्याचे मांस आणि व्यभिचार एवढे वर्ज्य करावे, असे परराष्ट्रीयांना कळवण्यात आले. एखाद्या समाजाने आपली सर्वांत जपलेली खूण नव्याने येणाऱ्यासाठी सोडून द्यावी, हा निर्णय विलक्षण धैर्याचा होता. पुढे 70 मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमेचे मंदिर जमीनदोस्त केल्यावर यहुदी ख्रिस्ती मंडळीचे वजन घटत गेले.

ही शिकवण जशी पश्चिमेला रोमकडे गेली, तशीच पूर्वेला एदेसा, मेसोपोटेमिया आणि इराणकडेही गेली, आणि या पूर्वेकडील शाखेची भाषा सिरियाक, म्हणजे येशू बोलत असे त्या अरामी भाषेचेच एक रूप, ही होती. याच शाखेचा धागा उल्हास नदीच्या मुखाकडे येतो. बदलापूरवरून वाहत येणारी उल्हास आणि अंबरनाथच्या डोंगरातून निघून उल्हासनगरमधून जाणारी वालधुनी कल्याणच्या खाडीला मिळतात. तेथील प्राचीन बंदर इतके भरभराटीचे होते, की कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत कल्याणचे व्यापारी पुन्हा पुन्हा भेटतात. सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या कॉस्मास या व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत लिहिलेल्या ग्रंथात ‘कल्लियाना’ येथे इराणमधून नेमलेला बिशप, म्हणजे धर्माध्यक्ष, असल्याची नोंद केली आहे, आणि हे कल्लियाना म्हणजे कल्याणच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पोर्तुगीजांच्या आगमनापूर्वी सुमारे साडेनऊशे वर्षांची ही नोंद कोकणात ख्रिस्ती धर्म गलबतांबरोबर, व्यापारी वस्तीच्या आश्रयाने आला, असे दाखवते.

याच कोकणपट्टीत, अलिबाग, पेण, पनवेलच्या परिसरात, बेने इस्राएल हा मराठी बोलणारा यहुदी समाज शतकानुशतके तेल गाळीत राहिला आणि शनिवारी घाणा बंद ठेवतो म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखला गेला. मुलग्याची सुंता, शनिवारचा विसावा, खवले व पर नसलेला मासा ताटात न घेणे, अशा ज्या खुणा या समाजाने ग्रंथ जवळ नसतानाही जिवापाड जपल्या, नेमक्या त्याच खुणांचा आग्रह यरुशलेमेच्या सभेने परराष्ट्रीयांपुरता सोडून दिला होता. एका मुळातून फुटलेल्या दोन वाटा कोकणात एकमेकींच्या इतक्या जवळ येतात, ही गोष्ट या प्रदेशाच्या इतिहासात अधिक अगत्याने सांगितली जायला हवी.

कल्याणच्या बिशपपरंपरेचे पुढे काय झाले याचा माग लागत नाही. 1321 मध्ये चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात मारले गेले, तेव्हा पूर्वेकडील शाखेची काही ख्रिस्ती घरे त्या शहरात होती, एवढे प्रवासवर्णनांतून समजते. मात्र 1988 मध्ये सिरो-मलबार चर्चच्या, म्हणजे केरळातील सिरियाक परंपरेच्या कॅथलिक मंडळीच्या, महाराष्ट्रात स्थायिक झालेल्या लोकांसाठी धर्मप्रांत स्थापन झाला आणि त्याला नाव मिळाले कल्याण. या परंपरेतील मुख्य उपासना 1962 पर्यंत सिरियाकमध्ये होत असे, आता ती प्रामुख्याने मल्याळममध्ये होते; तिचे नाव ‘कुर्बाना’ मात्र तेच राहिले आहे, आणि यरुशलेमेच्या मंदिरात वाहिल्या जाणाऱ्या अर्पणाला हिब्रूत ‘कोर्बान’ म्हणत, तो शब्दही त्याच धातूचा आहे.