बाहेरच्यांचा मतदारसंघ

चर्चगेटहून निघालेली गाडी गोरेगाव मागे टाकून मालाडच्या फलाटाला लागली, म्हणजे प्रवासी लोकसभेच्या उत्तर मुंबई मतदारसंघाच्या हद्दीत शिरतो आणि कांदिवली, बोरिवली ही स्थानके ओलांडून दहिसर मागे पडेपर्यंत त्याच हद्दीत असतो. पश्चिमेस गोराई-मनोरीची खाडी, पूर्वेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे अरण्य, आणि मध्ये लोहमार्गाने उभी दुभागलेली ही चिंचोळी पट्टी! बोरिवली, दहिसर, मागाठाणे, कांदिवली पूर्व, चारकोप आणि मालाड पश्चिम असे विधानसभेचे सहा मतदारसंघ तीत सामावले आहेत. भारतीय जनता पक्षाचा बालेकिल्ला म्हणून हिचा लौकिक आहे, आणि तो निराधार नाही. १९८९ पासून झालेल्या लोकसभेच्या दहा निवडणुकांपैकी आठ त्या पक्षाने येथे जिंकल्या. परंतु या मुलखाचे राजकीय चरित्र जरा मागे जाऊन न्याहाळले, तर प्रत्येक निवडणुकीत एकच प्रश्न वेष पालटून उभा राहिलेला दिसतो, आणि तो म्हणजे इथला कोण आणि बाहेरचा कोण, हा. जेथे बहुतेक सगळेच कोठून ना कोठून आलेले आहेत, तेथे हा प्रश्न इतक्या तावातावाने विचारला जावा, याची मला गंमत वाटते.

शंभर वर्षांपूर्वी ही सारी खेडी होती. साष्टी बेटावरचा हा भाग १९२० साली नव्याने निर्माण झालेल्या मुंबई उपनगर जिल्ह्यात मोडू लागला; १९२८ मध्ये विजेची गाडी बोरिवलीपर्यंत धावू लागली; आणि १९५७ साली बृहन्मुंबईची सरहद्द दहिसर-मुलुंडपर्यंत सरकवण्यात आली, तेव्हा भाताची शेते आणि ताडामाडांच्या वाड्या बाळगणारी ही गावे कागदोपत्री शहर झाली. बोरिवलीच्या पश्चिमेस मंडपेश्वराची लेणी आहेत. मूळची ही शैव लेणी. पोर्तुगीज अमदानीत त्यांचेच प्रार्थनामंदिर झाले, माथ्यावर मठ उठला, आणि आत एका भिंतीवर कोरलेला क्रूस आजही डोळ्यांनी पाहता येतो. वर त्या मठाचे भग्नावशेष, खाली शिवाची पूजा, आणि भोवती चहूकडून उंच उंच इमारतींची दाटी, हे दृश्य ज्याने एकवार पाहिले, त्याला या मतदारसंघाची घडण निराळी समजावून सांगावी लागत नाही.

लोकवस्तीचे थरही असेच एकावर एक चढले आहेत. सर्वांत तळाशी कोळी, राष्ट्रीय उद्यानातील पाड्यांवरचे वारली आणि गोराई-मनोरीपासून बोरिवलीपर्यंतच्या गावठाणांतील ईस्ट इंडियन ख्रिस्ती. त्यांच्यावर गिरगाव-दादरच्या चाळी सोडून स्वतःच्या मालकीच्या दोन खोल्यांसाठी आलेला मराठी मध्यमवर्ग. त्याच्याच आगेमागे व्यापारी आणि नोकरदार गुजराती. पूर्वेकडील कारखाने आणि बांधकामे यांच्या आधाराने स्थिरावलेले उत्तर भारतीय. आणि मालाडच्या मालवणी भागात दाटीवाटीने राहणारा, बहुसंख्येने मुसलमान असलेला श्रमिक समाज. चारकोप आणि गोराई येथे १९८५ नंतर जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने आखलेल्या भूखंडांवर अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांनी सहकारी संस्था काढून बैठी घरे बांधली, आणि त्या बैठ्या घरांवर मजले चढत गेले, तशी तेथील मतदारांची संख्याही चढत गेली.

‘बाहेरचा’ हा आक्षेप मुंबईच्या उत्तर भागात पहिल्याने गाजला तो व्ही. के. कृष्ण मेनन यांच्या निमित्ताने. त्या काळचा उत्तर मुंबई मतदारसंघ आजच्याहून निराळा होता. तेथून मेनन १९५७ मध्ये निवडून आले, आणि १९६२ साली आचार्य कृपलानी यांच्यासारख्या ज्येष्ठ पुढाऱ्यास त्यांनी जवळजवळ दीड लाख मतांनी हरवले. परंतु १९६७ मध्ये काँग्रेसने त्यांना उमेदवारी नाकारली, आणि शेजारच्या उत्तर-पूर्व मुंबईत अपक्ष म्हणून उभ्या राहिलेल्या या केरळी मुत्सद्द्याचा स. गो. बर्वे यांनी पराभव केला. आदल्याच वर्षी स्थापन झालेली शिवसेना त्यांच्याविरुद्ध हिरिरीने उतरली होती. बर्वे लवकरच निवर्तले. पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी ताराबाई सप्रे यांनी मेनन यांना पुन्हा पराभूत केले.

आजच्या उत्तर मुंबईचा खरा वृत्तांत १९७७ पासून सांगावा लागतो. आणीबाणीत तुरुंगवास भोगलेल्या गोरेगावच्या मृणाल गोरे जनता पक्षातर्फे निवडून आल्या, आणि ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा सर्वतोमुखी झाली. घोषणेत विनोद आहे हे खरेच. परंतु कोरड्या नळापुढे हंडे मांडून बसलेल्या उपनगराने आपल्यासाठी मोर्चे काढणारीला दिल्लीस पाठवावे, हा त्यामागचा हिशेब चोख होता. त्यांच्यानंतर १९८० मध्ये रवींद्र वर्मा आले. हे जन्माने केरळचे, आदल्या खेपेस रांचीहून निवडून आलेले, आणि तरीही इंदिराबाईंच्या पुनरागमनाच्या त्या वर्षी याच मतदारसंघाने त्यांना स्वीकारले! १९८४ च्या सहानुभूतीच्या लाटेत काँग्रेसचे अनुपचंद शाह विजयी झाले, एवढे नमूद करून पुढे जाता येईल.

पुढली पंधरा वर्षे भाजपच्या राम नाईकांची. सांगली जिल्ह्यातून मुंबईस आलेल्या या गृहस्थांनी १९८९ ते १९९९ या अवधीत पाच निवडणुका ओळीने जिंकल्या. त्यांच्या यशाचे मर्म, माझ्या समजुतीप्रमाणे, विचारसरणीत होते त्याहून अधिक रेल्वेच्या फलाटावर होते. ज्या माणसाच्या दिवसाचे तीन-चार तास गाडीत जातात, त्याला खासदाराकडून हवा असतो तो जादा डबा आणि जादा फेरी, आणि नाईक या विषयांत मुरलेले होते. असे असून २००४ साली, नाईक केंद्रात पेट्रोलियम मंत्री असताना, काँग्रेसचे चित्रपट अभिनेते गोविंदा यांनी त्यांना सुमारे ४८ हजार मतांनी पाडले. मतदारसंघ तेव्हा वसई-विरारपर्यंत पसरलेला होता आणि गोविंदा विरारचे रहिवासी म्हणून वाढलेले. म्हणजे नटाला बाहेरचा म्हणावे, तर तो घरचाच निघाला.

२००८ च्या पुनर्रचनेत हद्द आखडली. वसई-विरार नव्या पालघर मतदारसंघात गेले, गोरेगाव उत्तर-पश्चिम मुंबईस जोडले गेले. संध्याकाळच्या विरार गाडीत बोरिवलीकराला पाय ठेवू देत नाहीत, अशी जुनी तक्रार आहे. सरकारी दफ्तराने जणू तिच्यावर शिक्कामोर्तब केले. हे आखडलेले क्षेत्र नाईकांना अनुकूल ठरावे असा सर्वांचा होरा होता. पण ३० एप्रिल २००९ ला मतदान झाले तो गुरुवार, दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिन आणि पाठोपाठ शनिवार-रविवार. मुंबईच्या निम्म्याहून अधिक मतदारांनी मतदान केंद्राचे तोंड पाहिले नाही. शिवाय मनसेच्या उमेदवाराने जवळजवळ दीड लाख मते घेतली, आणि काँग्रेसचे संजय निरुपम अवघ्या ५,७७९ मतांनी निवडून आले. मराठीच्या नावाने मागितलेल्या मतांनी एका उत्तर भारतीय उमेदवाराची वाट मोकळी करून दिली, हा योगायोग मोठा बोलका आहे.

त्यानंतर चुरस उरली नाही. भाजपचे गोपाळ शेट्टी २०१४ मध्ये ४,४६,५८२ आणि २०१९ मध्ये, अभिनेत्री ऊर्मिला मातोंडकर यांच्याविरुद्ध, ४,६५,२४७ मताधिक्याने विजयी झाले. तिसऱ्या खेपेस, २०२४ मध्ये, त्यांची उमेदवारी काढून पीयूष गोयल यांना देण्यात आली. दक्षिण मुंबईतून आलेले गोयल उपरे आणि काँग्रेसचे भूषण पाटील भूमिपुत्र, असा प्रचार झाला. गोयल ३,५७,६०८ मतांनी जिंकले. मताधिक्य लाखाने घटले, हे विरोधकांचे समाधान. तीन लाखांच्या वर राहिले, हे पक्षाचे.

त्याच वर्षाच्या अखेरीस विधानसभेच्या निवडणुकीत बोरिवलीची उमेदवारी संजय उपाध्याय यांना मिळाली. विनोद तावडे, सुनील राणे यांच्यानंतर येथे पुन्हा बाहेरचा माणूस लादला, अशी तक्रार करून गोपाळ शेट्टींनी अपक्ष अर्ज भरला. त्यांचे आडनाव कर्नाटकाच्या किनाऱ्याचे, हे या वेळी कोणालाच आठवले नाही. ते बोरिवलीचेच होते. श्रेष्ठींच्या मनधरणीनंतर त्यांनी अर्ज मागे घेतला, उपाध्याय सहज निवडून आले, आणि शेजारच्या मालाड पश्चिमेत मात्र २००९ पासून ठाण मांडून बसलेले काँग्रेसचे अस्लम शेख याही खेपेस आपली जागा राखून राहिले.