ठाण्याचे तिकीट

आमच्या लहानपणी गल्लीत कोणी जरा वेगळे वागले, की "याला ठाण्याचे तिकीट काढून द्या" असे म्हणत. ठाण्याचे मनोरुग्णालय 1901 सालचे. औरंगाबादेहून ते किती लांब, कोणी पाहिलेही नव्हते. पण त्याच्यावरचा विनोद मात्र घराघरात होता. म्हणणारा हसे आणि ऐकणाराही हसे. त्या हसण्याची किंमत मला मास्तर झाल्यावर कळली.

चार वर्षांपूर्वी माझ्या वर्गात बीडकडच्या खेड्यातला एक मुलगा होता. निबंध सुरेख लिही. पुढे तो तासांना येईनासा झाला. मी हजेरीपटावर इमानेइतबारे गैरहजेरी मांडीत राहिलो. एके दिवशी त्याच्या खोलीवरचा सोबती मला गाठून म्हणाला, "सर, ह्यो जेवंना गेलाय. रात्रीचा झोपंना गेलाय."

"परीक्षा जवळ आली की व्हायचंच असं," मी म्हणालो आणि तासाला निघून गेलो.

पंधरा दिवसांनी त्या मुलाने सामान बांधून गाव गाठले. वर्ष बुडाले. पुढल्या जूनमध्ये तो परत आला, तेव्हा बराच सावरलेला होता. मामाने त्याला घाटीच्या इस्पितळात नेऊन मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवले होते.

"अरे, घाटी तर तुझ्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर. आधीच का नाही गेलास?" मी विचारले.

"कुणी पाहिलं असतं तर येडा म्हणले असते, सर." मग जरा थांबून तो म्हणाला, "अन् तुमीबी कुठं इचारलं?"

वाचकहो, यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

गंमत पाहा, ज्या ठाण्याच्या नावाने आपण हसलो, त्याच ठाण्यात 1990 साली डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्था काढली. तिच्या नावात आजार नाही, आरोग्य आहे. तिच्या 'वेध' या उपक्रमात नाना क्षेत्रांतली माणसे आपली धडपड मुलांपुढे मोकळेपणी सांगतात. तिथे मुलगा रोगी म्हणून जात नाही, श्रोता म्हणून जातो. आणि भीती, अपयश मोठमोठ्यांनाही चुकलेले नाही, एवढे शहाणपण घेऊन परततो. लस टोचायची ती साथ येण्यापूर्वी. मनाचेही तसेच आहे, कारण सुमारे निम्म्या मानसिक विकारांचा आरंभ वयाच्या अठराव्या वर्षाच्या आतच होतो.

सोयी आता होऊ लागल्या आहेत. ऑक्टोबर 2022 पासून केंद्र सरकारची 'टेलि-मानस' सेवा सुरू आहे. 14416 हा क्रमांक फिरवला, की दिवसा-रात्री केव्हाही फुकट सल्ला मिळतो आणि मराठीतही बोलता येते. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत निदान एक पात्र समुपदेशक असावा, असे निर्देश दिले.

पण समुपदेशकाची खोली प्राचार्यांच्या कचेरीशेजारी, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असली, तर तिची पायरी कोण चढेल? ती ग्रंथालयाजवळ असावी. पुस्तक बदलायला जावे तितक्या सहज तिथे जाता यावे. आणि खोलीवरच्या सोबत्याने आणलेली बातमी ऐकून घेण्याची सवय आम्हा शिक्षकांना लागावी. त्या मुलाचे दुखणे पहिल्यांदा ओळखले ते त्याच्या सोबत्याने, मी नव्हे.

या दिवाळीत तुमचा मुलगा किंवा मुलगी वसतिगृहातून घरी येईल. गुणांची चौकशी होईल, वाळल्याची होईल, ताटात आणखी एक करंजी पडेल. त्यानंतर गडबड ओसरली, की जवळ बसून एकदा विचारा, "झोप लागते ना रे? मन रमतं का तिथं?" उत्तर लगेच आले नाही, तर उपदेश करू नका. नुसते बसून राहा. उद्या पुन्हा विचारा.

मी आता वर्गात विचारतो. हजेरी त्यानंतर.