जहाजावरील लिलाव आणि भिंग

कॅरिबियन समुद्रात विहार करणाऱ्या पर्यटक-जहाजांवर फुकट शँपेनच्या पेल्यांसमवेत चित्रांचे जे लिलाव पुकारले जातात, त्यांत हातोडा पडतो ती वस्तू पुष्कळदा मूळ चित्र नसून त्याची मुद्रित प्रत असते, हे बोली लावणाराने प्रथम ध्यानी घ्यावे. १९९१ च्या सुमारास कॅलिफोर्नियात गायक ग्रॅहॅम नॅश यांनी, छापखान्यांतील नमुनाप्रतींसाठी बनविलेले शाई फवारणारे आयरिस यंत्र कलामुद्रणास जुंपले आणि पुढे कॅनव्हासवर हुबेहूब प्रत उतरविणे सुलभ झाले. तीवर हाताने रंगाचे चार फटकारे मारले की उंचवटा बोटाला लागतो आणि नवख्याची खात्री पटते. अशा वेळी दहापट मोठे दाखविणारे भिंग जवळ असावे: शिळामुद्रणात खडूचा अनियमित रवा दिसतो, ऑफसेट छपाईत ठिपक्यांची फुलासारखी नियमित जाळी, तर फवारणीत सूक्ष्म, विस्कळीत शिंतोडे. सहीवरही विसंबू नये. १९७४ साली फ्रेंच जकात अधिकाऱ्यांनी अँडोराकडे निघालेल्या गाडीत साल्वादोर दालींच्या सहीचे सुमारे ४०,००० कोरे कागद पकडले होते. आणि भर समुद्रातील खरेदीची फिर्याद कोणत्या अदालतीत चालावी, हे बहुधा विक्रीच्या करारनाम्यातील बारीक अक्षरांतले कलमच ठरविते. ते बोलीपूर्वीच वाचावे.