खांद्यावरचे आकडे

घरातल्या गॅस सिलिंडरच्या वरच्या कड्याला आधार देणाऱ्या पट्टीवर, आतल्या बाजूने, एक अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. ‘ए-२७’, ‘सी-२८’ असे. ए ते डी म्हणजे वर्षाच्या चार तिमाह्या. त्या तिमाहीत सिलिंडर पुन्हा तपासणीला जायला हवा, एवढाच त्याचा अर्थ. सिलिंडर घेताना वजन बघणारे पुष्कळ, हे अक्षर बघणारे थोडे. आणि दिवाळीच्या सुट्टीत मुलाबाळांसह मालवण-तारकर्लीला जाऊन, सिंधुदुर्गाजवळच्या पाण्यात उतरण्यासाठी आपण पाठीवर टाकी बांधून घेतो, तेव्हा तिच्या खांद्यावर काय कोरले आहे ते बघावे, हे तर कुणाच्या मनातही येत नाही.

घरच्या कुकरमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक बार जास्त दाब असतो. मोटारीच्या चाकात दोन-सव्वादोन. पाणबुड्याच्या टाकीत तो २०० बारच्या घरात असतो! सर्रास दिसणारी अॅल्युमिनियमची टाकी ११ लिटरची आणि २०७ बार दाबाची. म्हणजे दोन हजारांहून अधिक लिटर हवा एका कळशीएवढ्या जागेत कोंबलेली. हा दाब श्वासाजोगा करून देणारा रेग्युलेटर १९४३ साली फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां या जोडीने घडवला. तो रेग्युलेटर ज्यावर बसतो, ती टाकीच्या तोंडाची झडप.

जुन्या काळी झडपा दोन प्रकारच्या. एका अमेरिकी कंपनीच्या विक्रीसूचीतल्या अक्षरांवरून त्यांना ‘के’ आणि ‘जे’ ही नावे पडली. ‘के’ म्हणजे साधा नळ, उघडा किंवा बंद करा. ‘जे’मध्ये मात्र एक स्प्रिंग असे. हवा संपत आली की श्वास जड होई; मग दांडी खाली ओढायची, की राखून ठेवलेली शेवटची हवा मिळे. आयुष्य बँकेत गेलेल्या माणसाला ही ‘किमान शिल्लक’ चटकन कळते. पण दांडी आधीच धक्क्याने खाली आलेली असेल, तर ती शिल्लक नकळत खर्च होऊन जाई आणि ऐन वेळी ओढायला काहीच उरत नसे. पुढे दाबमापक आला. खात्यात किती उरले ते पासबुकासारखे समोर दिसू लागले आणि ‘जे’ मागे पडली.

आजचा फरक जोडणीचा आहे. एका प्रकारात रेग्युलेटर बाहेरून शिकंजासारखा आवळतात. ही जोडणी २३२ बारपर्यंतच वापरायची. दुसरी ‘डिन’ ही जर्मन पद्धत. तीत रेग्युलेटर झडपेच्या आत आट्यांनी फिरवून बसवतात. २३२ बारसाठी पाच आटे, ३०० बारसाठी सात. पाच आट्यांचा रेग्युलेटर ३०० बारच्या झडपेत तळापर्यंत पोचतच नाही, त्यामुळे हवा धरत नाही. लॉकरला दोन किल्ल्या असतात, त्यातलाच हा शहाणपणा. झडप आणि टाकी यांच्यामधल्या आट्यांना मात्र असे संरक्षण नाही. २५ मिलिमीटरची मेट्रिक झडप पाऊण इंची आट्यांच्या टाकीत सैलसर बसते, बसल्यासारखी दिसते आणि हवा भरताना बंदुकीच्या गोळीसारखी सुटू शकते.

आता भरण्याचे. हवा घाईने भरली की टाकी तापते. काटा २०० दाखवतो, पण टाकी निवली की तो खाली येतो. मग ‘वीस बार जास्तच भरू’ असा मोह होतो. मंजूर मर्यादेबाहेर उचल देण्यासारखेच हे. एकदा खपते, म्हणून दहादा दिली जाते. त्यातच भरलेली टाकी होडीत उन्हात राहिली, तर २०० बारला दर अंशामागे सुमारे पाऊण बार दाब वाढतो. टाकी तपासताना तिच्यावर दीडपट किंवा त्याहून अधिक दाब देतात हे खरे; पण ती ताकद तपासणीपुरती, रोजच्या वापराची नव्हे. अनेक झडपांत तांब्याची पातळ चकती असते, कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हसारखी आधी फुटून हवा सोडणारी. मात्र प्रत्येक झडपेत ती नसते.

टाकी तळापर्यंत रिकामीही करू नये. आत पाणी शिरले की पोलाद गंजते, आणि गंज चढताना आतल्या हवेतला प्राणवायूही खातो.

आपल्याकडे सिलिंडरांची नियमावली २०१६ सालची आहे. ती राबवणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. पण नागपूरचा अधिकारी प्रत्येक होडीत बसू शकत नाही. तेव्हा पाण्यात उतरण्यापूर्वी दोन मिनिटे आपणच द्यावीत. टाकीच्या खांद्यावर कोरलेला भरण्याचा दाब आणि शेवटच्या तपासणीचा महिना-वर्ष वाचावे. मग दाबमापकाकडे बघत तीन-चार श्वास घ्यावेत. प्रत्येक श्वासाला काटा खाली-वर डोलत असेल, तर झडप पुरती उघडलेली नसण्याची शक्यता असते. तसे लगेच सांगावे. विचारायचा संकोच करू नये. चांगला प्रशिक्षक अशा प्रश्नाने रागावत नाही, आणि जो रागावेल त्याच्या भरवशावर आपले पोर पाण्याखाली सोडू नये.