जुनी प्रिंट तराजूत टाकण्यापूर्वी

तीन तासांच्या हिंदी चित्रपटाची ३५ मिलिमीटरची प्रिंट उलगडून मोजली, तर ती सोळा-साडेसोळा हजार फूट, म्हणजे जवळपास पाच किलोमीटर भरते. वजन चाळीस किलोच्या घरात. कापडाच्या व्यापाऱ्याला हा हिशेब लवकर समजतो. पण एखादी टॉकीज बंद पडली की हाच माल डब्यांसकट भंगारात जातो. तिथे लांबी कोणी विचारत नाही, फक्त वजन विचारतात. भंगाराच्या धंद्यात आपले अनेक बांधव आहेत. त्यांच्या हाती येणाऱ्या या मालाबद्दल चार गोष्टी सांगाव्यात, म्हणून हा लेख.

गेल्या काही वर्षांत आम्ही शौकीन संग्राहकांकडे जुने हाणामारी आणि हशा यांचे चित्रपट प्रिंटवर पुन्हा पाहिले. ‘व्हिक्टोरिया नं. २०३’ १९७२ चा, ‘अमर अकबर अँथनी’ १९७७ चा, ‘नमक हलाल’ १९८२ चा. हेच चित्रपट मोबाईलवरही दिसतात, मग प्रिंटचा खटाटोप कशाला, असे कोणी विचारेल. मिलचा नमुना फोटोत पाहणे आणि ताका हातात घेऊन पोत तपासणे यांत जेवढा फरक, तेवढाच इथेही आहे.

‘अमर अकबर अँथनी’चेच घ्या. दिग्दर्शक मनमोहन देसाई मुंबईच्या खेतवाडीतले. संवादलेखकांत कादर खान. ते भायखळ्याच्या साबू सिद्दीक कॉलेजात शिकवत असत. कथेतला अकबर वाढतो तो एका मुस्लीम दर्जीच्या घरात. शेवटी खलनायकाच्या घरात शिरताना अँथनी पाद्री होतो, अमर वाजंत्री होतो आणि अकबर म्हाताऱ्या दर्जीचे सोंग घेतो. चांगल्या प्रिंटवर त्याच्या कपड्याची वीण, जरीची चमक, कुठे अस्सल माल आहे आणि कुठे स्वस्त, हे आमच्या धंद्यातल्या नजरेला लगेच कळते. पडद्यामागे ज्यांनी ते कपडे शिवले, त्या कारीगरांचा हुनर त्या पट्टीवर जपलेला आहे.

रंग कच्चा, रंग पक्का

रंगीत प्रिंटमध्ये तीन रंग असतात: पिवळा, किरमिजी आणि आकाशी. त्या काळातल्या प्रिंटमध्ये आकाशी रंग सर्वांत कच्चा निघाला. डबा अंधारात बंद ठेवला तरी तो उडत जातो. मग उरते ती लालसर-गुलाबी झाक. हिरवा जातो, निळा जातो, इन्स्पेक्टर अमरची खाकी वर्दीसुद्धा गुलाबी दिसू लागते. १९८० च्या दशकात अधिक टिकाऊ रंगांची फिल्म बाजारात आली. म्हणून १९८२ पूर्वीची एखादी प्रिंट आजही रंग धरून असेल, तर ती दुर्मीळ चीज समजावी.

दुसरा दोष तुटीचा. पूर्वी नवी प्रिंट आधी मोठ्या शहरात चालायची. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या नाझ इमारतीत वितरकांची कचेऱ्या होत्या. तिथून सौदे होत आणि प्रिंट तालुक्याच्या गावी, मग तंबूच्या टॉकीजमध्ये जायची. शुक्रवारी यंत्रमाग बंद असताना मालेगावच्या टॉकीजमध्ये जी गर्दी व्हायची, ती अशाच चित्रपटांना. ज्या चित्रपटाला गर्दी जास्त, त्याची प्रिंट जास्त फिरली आणि जास्त झिजली. पट्टी तुटली की ऑपरेटर खराब तुकडा कापून दोन टोके जोडायचा.

एका फुटात १६ चौकटी असतात आणि पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी धावतात. म्हणजे एक फूट कापला तर पाऊण सेकंदही जात नाही. रडक्या प्रसंगात हे कोणाच्या लक्षात येणार नाही. हाणामारीच्या विनोदात मात्र सगळा खेळ त्या पाऊण सेकंदाचा असतो. अमर आणि अँथनी यांच्या मारामारीत ठोसा बसतो, क्षणभर काहीच होत नाही, मग माणूस कोसळतो आणि हशा पिकतो. मधला तो क्षण कापला गेला तर उरते नुसती मारामारी. दारूच्या नशेत अँथनी आरशातल्या स्वतःच्याच तोंडाला पट्टी लावतो, तिथेही तेच. म्हणून या जातीच्या चित्रपटांची पूर्ण प्रिंट मिळणे कठीण आणि मिळाली तर मोलाची.

आता नवा माल निघत नाही

२०१४ च्या सुमारास आपल्याकडे चित्रपटगृहांसाठी प्रिंट काढणे जवळजवळ थांबले. पिढ्यान्‌पिढ्या हे काम करणाऱ्या प्रयोगशाळांचा तो विभाग मिटला. जुना ताका संपला तर नवा विणता येतो, इथे मागच बंद झाला आहे. मूळ निगेटिव्ह सुरक्षित असेल, या भरवशावरही राहता येत नाही. ‘शोले’सारख्या चित्रपटाची मूळ निगेटिव्ह पार खराब झाली होती. पुढे इंग्लंडमधल्या आणि मुंबईतल्या गोदामांत जपलेल्या रिळांवरून तो दुरुस्त झाला आणि २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्या शहरात पूर्ण रूपात दाखवला गेला. १९३१ च्या ‘आलम आरा’ला असे कोणतेच गोदाम लाभले नाही. आपल्या पहिल्या बोलपटाची एकही प्रत आज शिल्लक नाही.

भंगारवाल्या बांधवांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. दुकानाचे भाडे त्यांनाही भरावे लागते. पण हिशेब नीट व्हावा. कृष्णधवल फिल्ममध्ये चांदी असते, म्हणून ती गाळली जाते. रंगीत प्रिंटमधली चांदी मात्र प्रयोगशाळेतच धुऊन निघालेली असते, उरलीच तर आवाजाच्या पट्टीपुरती. म्हणजे रंगीत प्रिंट गाळणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. तीच प्रिंट पूर्ण आणि रंगात असेल तर संग्राहक तिला भंगाराहून चांगला भाव देतो. इथे सबुरीतच नफा आहे.

माल पाहताना

डबा उघडताच सिरक्यासारखा आंबट वास आला, तर फिल्म कुजू लागली आहे. ती रिळे ताबडतोब वेगळी ठेवावीत, कारण हा रोग शेजारच्या रिळांनाही लागतो. गंजलेले डबे बदलावेत. रिळे आडवी ठेवावीत आणि थंड, कोरड्या जागी ठेवावीत. चित्रपटाच्या सुरुवातीला सेन्सॉरचे प्रमाणपत्र असते. त्यावर लांबी आणि रिळांची संख्या लिहिलेली असते. ती प्रत्यक्ष मालाशी ताडून पाहिली की किती तूट आहे ते कळते. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपूर्वीची फिल्म असेल आणि कडेला ‘सेफ्टी’ हा शब्द छापलेला नसेल, तर ती नायट्रेटची असू शकते. ती बारुदासारखी पेटते. २००३ मध्ये पुण्यात अशा जुन्या रिळांना आग लागून मोठा साठा जळाला. असा माल दुकानात ठेवू नये आणि यंत्रावरही चढवू नये.

कायद्याची बाजूही ध्यानात असावी. प्रिंट हाती आली म्हणजे चित्रपटाचे हक्क हाती आले असे नाही. मिलचा ताका विकत घेतला म्हणून मिलचा छाप आपला होत नाही. प्रदर्शनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे हक्क मालकाकडे राहतात. १९७७ च्या चित्रपटाचे हक्क २०३७ अखेरपर्यंत आहेत. तिकीट लावून दाखवायचा तर परवानगी हवीच.

पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून हे काम करते. २०२२ पासून ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे आहे. मुंबईत फिल्म हेरिटेज फाउंडेशन ही संस्था २०१४ पासून आहे. गोदामात बेवारस डबे आले तर या दोन्ही ठिकाणी एक पत्र टाकावे किंवा फोन करावा. त्याला खर्च नाही. चाळीस किलोचा तो ढीग कदाचित एखाद्या चित्रपटाची शेवटची पूर्ण प्रत असेल. वजन करायला काटा नंतरही आहेच, आधी डबा उघडून पाहावा, एवढीच आमची विनंती.